आपलं पत्र आपण लिहावं

पाणी उतरून आठ दिवस झाले होते. ऑगस्ट २०१९. सकाळी दुकानाचं शटर वर करायला गेले, तर पायरीवर अंकलखोपच्या एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर खताच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला बघून त्यांनी पोतं उघडलं. आत लग्नाचा अल्बम होता. पाणी पिऊन विटेएवढा जाड झालेला, कडांतून गाळ गळत असलेला. त्या म्हणाल्या, "पोरी, ह्यातलं एक तरी मानूस वाचतंय का बघ."

पलूसमध्ये आमचा फोटो स्टुडिओ आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी तो सुरू केला, तेव्हा डार्करूम होती. आता लग्नाचं शूटिंग, ड्रोन, करिज्मा अल्बम आणि रात्र रात्र एडिटिंग असं काम चालतं. शूटिंगला माझे मिस्टर जातात, एडिटिंग माझ्याकडे. गाव नदीपासून आत असल्यामुळे दुकान कोरडं राहिलं. पण तालुक्यातली भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली, धनगाव ही कृष्णाकाठची गावं पाण्यात गेली. ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची बोट उलटली आणि कितीतरी घरं त्या दिवशी रिकामी झाली. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

मावशींच्या मागोमाग माणसं येत राहिली. तीन आठवड्यांत मी एकशे बारा अल्बम मोजले. आण्णांनी जुनी विद्या बाहेर काढली. ओला अल्बम उन्हात ठेवायचा नाही, कारण वाळला की फोटो एकमेकांना घट्ट धरतात. थंड, स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात तो बुडवायचा. फोटो आपणहून सुटू लागला की दोन हातांवर तोलून बाहेर काढायचा, आणि मागच्या खोलीत दोरीला चिमट्यानं टांगायचा. खोलीभर दोऱ्या झाल्या. दोऱ्यांवर वरातीतले घोडे, हळदीची तोंडं, मुंडावळ्यांतली पोरं. बायका यायच्या आणि दोरीखाली उभं राहून आपली माणसं शोधायच्या.

तिथे मी कॅमेरा लावला. आधी फक्त नोंद म्हणून. पुढच्या वर्षी कोरोना आला, लग्नं थांबली, आणि मी ते फुटेज उघडलं. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. २०२२ च्या सुरुवातीला माझा सतरा मिनिटांचा माहितीपट तयार झाला. तो आफ्रिकेतल्या एका महोत्सवापर्यंत कसा गेला, ते इथे सांगते आहे. तालुक्याच्या गावात बसून, निर्माता-वितरक कुणी पाठीशी नसताना फिल्म करणारी मुलं-मुली आता पुष्कळ आहेत. फिल्म झाल्यावर तिचं करायचं काय, हा प्रश्न त्यांनाही पडतो.

सांगलीतून बर्लिनला

महोत्सव हे आपलं काम नाही, असं आमच्याकडे अनेकांना वाटतं. मी त्यांना आटपाडीची आठवण देते. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावर ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली. ते त्याच आटपाडी भागातले. व्ही. शांताराम यांनी त्यावर १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. त्याच्याही आधी, १९३७ साली, 'प्रभात'चा 'संत तुकाराम' व्हेनिसला गौरवला गेला होता. अलीकडचं बघायचं तर चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'नं अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार आणला.

म्हणजे वाट जुनी आहे. तरी ती बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेकडेच जाते. फिल्म झाली की पहिला प्रश्न येतो, "कानला पाठवली का?" माझ्या फिल्मला नेमका कुणाच्या डोळ्यांचा उपयोग आहे, हा प्रश्न मलाही कुणी विचारला नव्हता.

दिऊआनाचं पत्र

लग्नाच्या आदल्या वर्षी मी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा रसास्वाद वर्ग केला होता. तिथे सेनेगलचे उस्मान सेम्बेन यांचा 'ला न्वार द...' हा १९६६ चा सिनेमा बघितला. सेम्बेन फ्रान्समध्ये मार्सेयच्या बंदरात हमाली करायचे, तिथेच लिहू लागले. नाव झालं, कादंबऱ्या छापल्या गेल्या. पण आपली माणसं वाचू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचत नाही, हे त्यांना टोचत राहिलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोच्या गॉर्की स्टुडिओत सिनेमा शिकायला गेले. वर्गात हे ऐकताना मला आमचे वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आठवले. तेही गिरणीत राबलेले, शाळेची पायरी जेमतेम चढलेले, पुस्तकाबरोबर तमाशाच्या फडातून माणसांपर्यंत पोहोचलेले. अण्णाभाऊही साधारण त्याच काळात, १९६१ साली, रशियाला जाऊन आले. वाळवा तालुक्यातला एक लेखक आणि सेनेगलचा एक लेखक, दोघांना एकच गोष्ट कळली होती: ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यापर्यंत ती जायला हवी.

सिनेमातली दिऊआना ही डाकारची तरुण मुलगी. एका फ्रेंच जोडप्याकडे मुलं सांभाळायची म्हणून ती फ्रान्सला जाते आणि तिथे स्वयंपाक-धुणीभांडी करणारी घरकैदीण होते. तिला लिहिता-वाचता येत नाही. आईचं पत्र येतं, ते मालक वाचून दाखवतो. मग उत्तरही तोच लिहायला घेतो, तिच्या नावानं, स्वतःच्या मनानं. दिऊआना पत्र फाडून टाकते.

हा प्रसंग पुढे माझ्या फार कामी आला. महोत्सवाच्या अर्जात फिल्मचा सारांश इंग्रजीत द्यायचा असतो. माझं इंग्रजी कामापुरतं. ओळखीतल्या एका सुशिक्षित माणसानं तो मला लिहून दिला. छान, गुळगुळीत इंग्रजी होतं. त्यात लिहिलं होतं की भारतातल्या मागास खेड्यातल्या असहाय पूरग्रस्त स्त्रियांची ही करुण कहाणी आहे. मी तो चार वेळा वाचला. माझ्या फिल्ममधली एकही बाई असहाय नाही. त्या गाळ उपसून, गोठा धुऊन, पंचनाम्याच्या रांगेत उभ्या राहून मग माझ्याकडे आल्या होत्या. फोटोतल्या माणसांना नावानं हाका मारत होत्या. करुणेची मागणी त्यांनी कुणाकडेच केली नव्हती.

तो कागद मी बाजूला ठेवला आणि आधी मराठीत लिहिलं: 'पूर ओसरल्यावर कृष्णाकाठच्या बायका ओले अल्बम घेऊन एका फोटो स्टुडिओत येतात आणि दोरीवर वाळणाऱ्या फोटोंमधून आपलं माहेर शोधतात.' मग शब्दकोश घेऊन बसले आणि साध्या, छोट्या वाक्यांत त्याचं इंग्रजी केलं. अर्ज म्हणजे पत्र आहे, हे मला तेव्हा कळलं. ते आपणच लिहायचं.

वारा कुठून येतो

पत्र म्हटलं की पत्ता हवा. तो शोधताना मी आफ्रिकेकडे वळले, त्याला कारण होतं. मार्च २०१९ मध्ये, आमच्या पुराच्या पाच महिने आधी, इदाई चक्रीवादळ मोझांबिकच्या बैरा शहरावर आदळलं. मोझांबिक, झिम्बाब्वे, मलावी मिळून हजाराहून अधिक माणसं गेली. बातम्यांत घरांच्या छपरांवर बसलेली माणसं दिसली होती, अगदी आमच्याकडे पुढे दिसली तशीच. मग एप्रिल २०२२ मध्ये, माझा अर्ज अर्धवट असतानाच, दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि क्वाझुलू-नाताळमध्ये महापूर आला. तिथे चारशेहून अधिक बळी गेले. ओला अल्बम म्हणजे काय, हे या माणसांना समजावून सांगावं लागणार नव्हतं.

आणखी एक गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात होती, पण मी ती कधी आपली म्हणून वाचली नव्हती. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा विषुववृत्त ओलांडतो तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ. तिथून अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन तो सह्याद्रीवर येतो, महाबळेश्वरला कोसळतो, कोयना-कृष्णा भरतात. शेकडो वर्षं गलबतं याच वाऱ्यावर आफ्रिकेहून हिंदुस्थानला यायची आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्यावर परत जायची. त्या गलबतांना धाव म्हणतात. झांझिबारचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९८ पासून भरतो, तो धाव-देशांचा महोत्सव म्हणूनच. पूर्व आफ्रिका, अरबस्तान, इराण, हिंदी महासागरातली बेटं आणि भारत, असा त्याचा मुलूख. खेळ होतात ते स्टोन टाऊनच्या जुन्या किल्ल्यात, उघड्यावर. तिथल्या स्वाहिलीत पैशाला पेसा, गाडीला गारी, लाखाला लाकी आणि विम्याला बीमा म्हणतात. सातारा जिल्ह्याशीही त्या गावाचं नातं आहे. गायक फ्रेडी मर्क्युरी १९४६ साली स्टोन टाऊनमध्ये जन्मला आणि आठव्या वर्षी पाचगणीच्या शाळेत आला.

आफ्रिका एकच आहे असं समजून अर्ज भरला तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात. प्रत्येक महोत्सवाचा स्वभाव वेगळा. ट्युनिसचा कार्थेज महोत्सव १९६६ चा. त्याच्या पहिल्याच वर्षी सेम्बेनच्या त्या सिनेमाला सुवर्ण तानित हा पुरस्कार मिळाला. पण तिथली मुख्य स्पर्धा अरब आणि आफ्रिकी चित्रपटांची आहे. बुर्किना फासोच्या वागाडुगू शहरातला 'फेस्पाको' १९६९ पासूनचा. तो दर दोन वर्षांनी, विषम सालात भरतो. तिथला येनेंगाचा सुवर्ण अश्व म्हणजे आफ्रिकी सिनेमातला सर्वांत मोठा मान. तोही आफ्रिकी दिग्दर्शकांसाठी. आपल्या भूमीचा सिनेमा आपल्या माणसांना दिसावा म्हणूनच हे महोत्सव उभे राहिले. तिथल्या स्पर्धेत आपण बसत नाही याचं वाईट वाटून घेऊ नये. डर्बनचा महोत्सव १९७९ पासूनचा आणि तो जगभरातून चित्रपट घेतो. केपटाऊन आणि जोहान्सबर्गला १९९९ पासून 'एन्काउंटर्स' हा खास माहितीपटांचा महोत्सव होतो. नियमावली शेवटपर्यंत वाचली, की आपल्या फिल्मला दार कुठे उघडं आहे ते कळतं.

आणि मॉरिशस विसरू नये. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर मजूर नेले गेले, त्यात रत्नागिरी-सातारा भागातली मराठी माणसंही होती. आमचा पलूस परिसर पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडायचा. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. मॉरिशसला आजही गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. मराठी घरं असलेला तो आफ्रिकेतला देश आहे.

अर्जातले रकाने

आता प्रत्यक्ष काम. बहुतेक महोत्सव अर्ज घेतात ते 'फिल्मफ्रीवे' किंवा 'फेस्टहोम' अशा संकेतस्थळांवरून. पहिलं २०१४ मध्ये कॅनडात सुरू झालं, दुसरं स्पेनचं. काही महोत्सव स्वतःच्या संकेतस्थळावरच अर्ज मागतात. एकदा फिल्मचं पान तयार केलं की तेच अनेक ठिकाणी पाठवता येतं. त्यात नाव, लांबी, भाषा, पूर्ण झाल्याची तारीख, दिग्दर्शकाची ओळख, दोन-चार चांगली छायाचित्रं लागतात. तारखेकडे लक्ष द्यावं. पुष्कळ ठिकाणी गेल्या एक-दोन वर्षांत पूर्ण झालेलीच फिल्म चालते. भारतात जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, परदेशी महोत्सवाला अर्ज करताना ते लागत नाही.

फिल्मची फाईल पासवर्ड लावलेल्या खासगी दुव्यावर ठेवायची. एकदा पाठवल्यावर दुवा आणि पासवर्ड बदलायचा नाही. निवड समितीतला माणूस तीन महिन्यांनी तो उघडतो. बंद दार दिसलं तर पुढच्या फिल्मकडे जातो.

सर्वांत जास्त वेळ गेला उपशीर्षकांना. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीस-बेचाळीस अक्षरं, आणि वाचायला पुरेसे सेकंद, हा सर्वसाधारण दंडक. आमच्याकडच्या बायका भराभर बोलतात, त्यामुळे सगळं घालता येत नाही. काय ठेवायचं ते निवडावं लागतं. बुर्लीच्या एका काकू फोटोकडे बघून म्हणतात, "मी अठरा वर्सांची असताना आई गेली. ह्यो फोटो म्हंजी माजं म्हायेर." माहेर या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही. मी आठ दिवस तो घोळवत होते. 'पालकांचं घर' लिहिलं तर सासरच्या अंगणातून दिसणारी ती वाट नाहीशी होते. शेवटी मी 'माझ्या आईचं घर' या अर्थाचे तीन साधे इंग्रजी शब्द ठेवले. आई गेल्याचं काकू आधीच्या वाक्यात सांगतात, म्हणून ते तीन शब्द नीट लागतात. उपशीर्षकं करणाऱ्यानं शब्दकोशापेक्षा आधीचं आणि नंतरचं वाक्य जास्त वाचावं, असा माझा अनुभव आहे.

मग संगीताचा हक्क. लग्नाच्या व्हिडिओत सिनेमाची गाणी घालायची आमच्या धंद्यात सवय आहे. माझ्या पहिल्या कच्च्या जुळणीतही एक गाजलेलं गाणं होतं. पण अर्जात सही करून द्यावी लागते की फिल्ममधल्या प्रत्येक आवाजाचा हक्क माझ्याकडे आहे. गाणं काढलं. ती जागा दोन महिने रिकामी होती. मग आमणापूरच्या एका आजींनी जात्यापाशी बसून ओवी म्हटली. त्यांचा नातू कागदावर संमती लिहीत होता आणि आजी विचारत होत्या, "माज्या गळ्याला बी कागुद लागतुया व्हय?" मी सांगितलं, लागतो, कारण गळा तुमचा आहे. त्यांनी अंगठा केला. फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाची अशी लेखी संमती मी घेतली, आणि घेताना फिल्म कुठे कुठे दाखवीन ते सांगितलं. आपल्याकडे हे काम राहून जातं. ते शूटिंगच्याच दिवशी करावं.

पैशाचं सांगायचं तर शुल्क डॉलरमध्ये असतं. लवकर अर्ज केला तर कमी, शेवटच्या आठवड्यात जवळजवळ दुप्पट. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात. शुल्क झेपणारं नसेल तर आयोजकांना मेल लिहून शुल्कमाफी मागता येते, हे अनेकांना माहीत नसतं. मी लिहिला. पाच ओळींचा: मी कोण, फिल्म कशाची, तुमच्याच महोत्सवाला का पाठवते आहे, आणि शुल्क का भरू शकत नाही. चारपैकी दोन ठिकाणी माफी मिळाली. 'का पाठवते आहे' ही ओळ मनापासून लिहिली पाहिजे. तिथे इदाई वादळाचं आणि मोसमी वाऱ्याचं मी लिहिलं होतं.

विकत मिळणारी पानं

सुरुवातीला मी फसले, तेही सांगते. इंटरनेटवर सुंदर नावाचा एक महोत्सव दिसला. शुल्क भरलं. चौथ्या दिवशी मेल आला की तुमची फिल्म या महिन्याचा सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरली आहे. सोबत दोन बाजूंना पानांच्या डहाळ्या असलेलं चित्र, पोस्टरवर लावायला. घरी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी दुसरा मेल आला: मानचिन्ह हवं असेल तर इतके डॉलर, प्रमाणपत्र हवं असेल तर तितके. मग मी शोध घेतला. त्या महोत्सवाला सभागृह नव्हतं, खेळांचं वेळापत्रक नव्हतं, मागच्या वर्षी काय दाखवलं त्याची यादी नव्हती. दर महिन्याला शेकडो विभागांत पुरस्कार होते. एकाही माणसानं माझी फिल्म अंधारात बसून बघितली नव्हती.

त्या रात्री मी दोरीखाली उभ्या राहिलेल्या बायकांचा विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर कुणीतरी दुकान थाटलं होतं, आणि तिथे त्यांना नेणारी मी होते. तेव्हापासून अर्ज करण्याआधी मी चार गोष्टी बघते. खेळ कुठल्या गावात, कुठल्या सभागृहात होतो? मागच्या तीन वर्षांची यादी मिळते का? निवडणाऱ्या माणसांची नावं आहेत का? आणि त्या गावातल्या वर्तमानपत्रानं त्याबद्दल कधी लिहिलं आहे का? खरा महोत्सव लहान असला तरी त्याला प्रेक्षक असतात.

पहिला खेळ कुणाचा

अर्जात एक रकाना असतो: ही फिल्म आधी कुठे दाखवली आहे का? मोठ्या महोत्सवांना पहिला जाहीर खेळ आपल्याकडे व्हावा असं वाटतं. ओळखीचे लोक म्हणाले, गावात दाखवू नकोस, नाहीतर संधी जाईल.

मिस्टर म्हणाले, "त्या बायकांच्या आधी दुसऱ्या कुणाला दाखवणार तू?"

त्यांचं बरोबर होतं. मी नियम पुन्हा वाचले. माहितीपटाला आणि लघुपटाला ही अट अनेक ठिकाणी सैल असते, आणि फिल्ममध्ये काम केलेल्यांसाठीचा खासगी खेळ सहसा जाहीर प्रदर्शन मोजला जात नाही. मार्च २०२२ मध्ये अंकलखोपला मावशींच्या अंगणात आम्ही पांढरी चादर बांधली. लहानपणी जत्रेत तंबू टॉकीजला असाच वारा पडद्यात शिरायचा. त्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला आणि तो २०१६ मध्ये कानला विशेष उल्लेख घेऊन आला. झांझिबारचा महोत्सवही किल्ल्यातल्या खेळांबरोबर गावागावांत पडदा घेऊन जात आला आहे.

अंगणात चाळीसेक माणसं होती. आजींची ओवी सुरू झाली तेव्हा दोघी-तिघींनी आपसूक आवाज मिळवला. फिल्म संपल्यावर मावशी म्हणाल्या, "माजं बोलनं हाय तसंच ठिवलंस." एवढं ऐकल्यावर फिल्म परक्या माणसांपुढे न्यायला मी मोकळी झाले.

आलेला प्रश्न

तो फसवा महोत्सव सोडून एकूण पाच ठिकाणी अर्ज केला. दोन ठिकाणी नकार आला, दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. नकाराचा अर्थ मी आता जाणते. निवडणाऱ्यांसमोर ढीग असतो, जागा मोजक्या असतात, आणि कधी कधी आपल्यासारखीच फिल्म त्यांनी आधीच घेतलेली असते. पाचवं उत्तर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान महोत्सवाचं होतं. स्पर्धेत घेत नाही, पण शाळेच्या सभागृहातल्या खेळात दाखवू, असं त्यात होतं.

त्यांनी डीसीपी मागितलं, म्हणजे चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टरला चालणारी डिजिटल प्रत. आपण लग्नं शूट करतो सेकंदाला पंचवीस चौकटींवर, सिनेमाचा ठोका चोवीसचा. सरळ बदललं तर सतरा मिनिटांची फिल्म बेचाळीस सेकंदांनी लांबते आणि आवाज किंचित खालच्या पट्टीत उतरतो. आजींचा आवाज मला उतरवायचा नव्हता. तीन रात्री बसून तो मूळ पट्टीवर आणला. 'डीसीपी-ओ-मॅटिक' हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यावर प्रत केली. कमी वर्दळीच्या वेळी, पहाटे दोननंतर अपलोडला लावली. प्रवासखर्च झेपणारा नव्हता, म्हणून दोन मिनिटांचं मनोगत चित्रित करून पाठवलं. त्याच खोलीत, त्याच दोरीखाली उभं राहून, मराठीत. खाली इंग्रजी उपशीर्षकं दिली.

खेळानंतर दोन दिवसांनी समन्वयक बाईंचा मेल आला. प्रेक्षकांतल्या एका बाईंनी प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. वाळून एकमेकांना चिकटलेले फोटो पाण्यात किती वेळ ठेवायचे? त्या बाईंकडे एक अल्बम वादळापासून तसाच पडून होता.

मी आण्णांना विचारलं. ते खुर्चीत सरळ होऊन बसले आणि सांगत गेले, मी लिहून घेतलं. आधी वरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाणी थंड आणि स्वच्छ घ्या. तासभर बुडवा, मग फक्त कोपऱ्याला हात लावून बघा. फोटो स्वतः सुटत असेल तरच सोडवा, नसेल तर पाणी बदला आणि पुन्हा वाट बघा. ओढू नका. चेहऱ्यावर बोट लावू नका. सावलीत वाळवा.

हे सगळं मी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत, आणि खाली पत्ता घातला: पलूस, जिल्हा सांगली. शेवटी एक ओळ आण्णांनी न सांगितलेली, माझ्या मनानं जोडली. आमच्याकडच्या एका मावशींच्या अल्बममधली चौदा माणसं वाचली आहेत.